डोंबाऱ्याचा एक थेंब

परत येऊन अजून बॅगसुद्धा रिकामी केली नाहीये आणि मी टाइपरायटरपुढे बसलेय. इतक्या जोरात बडवतेय की दोन काड्या एकमेकींत अडकतात, त्या सोडवायच्या आणि पुन्हा सुरू. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "आग लागलीये का कुठे?" म्हटलं, नाही, पण हे कुणाला सांगितलं नाही तर लागेल.

तर ऐका. मी वऱ्हाडात जाऊन आले. वाशीम, शिरपूर, आसेगाव. तुमच्यापैकी फार जण तिकडे गेले नसतील. मीही गेले नसते, मला एका पाखरानं धाडलं. त्याचं नाव डोंबारी.

चिमणीएवढा जीव. नराचं पोट काळं कुळकुळीत आणि डोक्यावर कुणीतरी राखेचा हात फिरवल्यासारखा रंग. शेतात बसला की ढेकूळच होतो, तुम्ही पाय ठेवाल त्याच्यावर इतका. आणि मग एकदम उठतो. पंख थरथरवत वर, आणखी वर, तिथं जरा टांगल्यासारखा राहतो, आणि पंख मिटून सरळ खाली कोसळतो. आता आपटणार म्हणून आपण डोळे मिटतो तर हा पुन्हा उसळून वर. पुन्हा कोसळतो. असा पायऱ्या पायऱ्यांनी आभाळ उतरत येतो, लांबलचक शीळ घालत. खेळ करणाऱ्या डोंबाऱ्यासारखा, म्हणून ते नाव.

पुस्तकात तो चंडोलांच्या कुळात लिहिलाय. पण चोच पाहाल तर थेट चिमणीची, जाडजूड, दाणे फोडणारी. मग हा खरा चंडोल, की चिमण्यांचा कुणी पाहुणा? आणि चंडोलच असेल तर माळावरच्या बाकीच्या चंडोलांपैकी कुणाच्या जवळचा? आजवर असली भांडणं चोच, पाय, पिसं बघून मिटवायचे, म्हणजे मिटायचीच नाहीत. आता नवी युक्ती निघालीय, रक्तालाच विचारायचं. रक्तात डीएनए असतो, त्यात जन्माची सगळी गोष्ट लिहिलेली.

हे काम करायची यंत्रं परदेशात आहेत. आमचे सर इथून थेंब गोळा करून देतात. बाकीच्या चंडोलांचे थेंब आमच्या बर्फाच्या पेटीत कधीच जमले होते. डोंबारी तेवढा नव्हता. पुण्याच्या आसपासच्या माळांवर महिनाभर जाळी लावून झाली, जाळ्यात डोंबारी सोडून सगळं आलं. आणि पेटी घेऊन जाणारे पाहुणे शनिवारी विमानात बसणार होते. सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत आणलास तर तुझा डोंबारी जाईल. नाहीतर त्याला सोडून बाकीच्यांची नाती लागतील."

तुझा डोंबारी! प्रयोगशाळेत माझं म्हणावं असं काहीच नाही. नळ्या धुणं माझं, लेबलं चिकटवणं माझं, हा टाइपरायटरसुद्धा सगळ्यांचा. आणि सर म्हणाले, तुझा. मी त्याच रात्रीच्या गाडीत बसले.

वाशीम

अकोल्याहून लहान गाडी निघते, ती अशी डुलत डुलत जाते की मोठ्या गाडीत झोप न आलेला माणूसही पाळण्यात पडल्यासारखा झोपेल. मी झोपले. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पळस पेटलेले. पान एक नाही, नुसती केशरी फुलं, एक झाड, मग मोकळं रान, मग दुसरं झाड. आमच्या मालवणात रान म्हणजे हिरवं, अंगावर येणारं. इथं आभाळच सगळी जागा घेतं, झाडं आपली कडेकडेनं उभी.

फलाटावर सुमन उभी होती. सुमन तायडे, बी. एड. करायला पुण्यात आली तेव्हा वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. आता ती शिरपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनंच म्हटलं होतं की आमच्याकडे ये, तुझी पाखरं आमच्या ढेकळांपेक्षा जास्त आहेत.

"आली व माय एकदाची!" ती ओरडली. "मले वाटलं पाखरं पाह्यता पाह्यता पार पूर्णा जंक्शनलेच गेली!"

पहिलं काम बर्फ. थेंब उन्हात राहिला तर नासतो, म्हणून माझ्या गळ्यात मोठा थर्मास. बाजारातल्या रसवंतीवाल्यानं भुशातून बर्फाची लादी काढली आणि विचारलं, "पेशंट हाये काय कोनी?"

"नाई दादा," सुमन म्हणाली, "पाखराचं रगत ठेवाचं हाये याच्यात."

त्यानं बर्फ फोडायचा थांबवला. माझ्याकडं बघितलं, थर्मासकडं बघितलं. "त्यापरीस रस प्या न बाई," तो म्हणाला. "येवढा गोड हाये. रगत काहून पाह्यजे?"

रस प्यालो. आलं-लिंबू घातलेला, आणि खरंच इतका गोड की दुपारभर ओठ चिकटत होते. शिरपूरची एसटी यायला इतका वेळ लागला की तोवर थर्मासात निम्मं पाणी झालं होतं.

शिरपूर

शिरपूर मोठं गाव. जुनं जैन मंदिर आहे, लांबलांबून यात्रेकरू येतात. सुमन कमलकाकूंच्या घरी भाड्यानं राहते. काकूंचं बाजारात कापडाचं दुकान, आता ते पुतण्या बघतो. काका जाऊन काही वर्षं झालीत.

ही खोली कशी मिळाली ते सुमननं रस्त्यातच सांगितलं. "साऱ्या गावात फिरली मी. जो तो आडनाव इचारे. तायडे म्हटलं की खोली भरून जाये. काकूनं आडनाव इचारलंच नाई. येवढंच इचारलं, अंडे खाते काय?"

"मग?"

"म्हटलं खात होती, आता नाई खात. म्हने, ये."

आम्ही पोचलो तेव्हा काकू अंगणातल्या विहिरीवर पाणी गाळत होत्या. पांढरं लुगडं, बारीक अंग. हंड्याच्या तोंडाला दुहेरी कापड बांधलेलं. आता गाळून झालं की आपण काय करतो? कापड झटकतो. काकूंनी ते कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं एका छोट्या बादलीत हळूहळू धुतलं, आणि ती बादली दोरानं खाली, थेट पाण्यापर्यंत सोडली. आपटू न देता. मी वाकून बघत राहिले.

"काय पाह्यते पोरी?" काकू म्हणाल्या. "कपड्यावर बारीक जीव राह्यते. ज्या पान्यातले थे त्याच पान्यात गेले पाह्यजे. दुसऱ्या पान्यात मरते बिचारे."

मी रोज गाळण्याचे कागद कचऱ्यात फेकणारी. कानांत नुसता तो दोर विहिरीच्या दगडाला घासल्याचा आवाज.

जेवण सूर्य बुडायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मनात म्हटलं, आता काय चव लागणार. आणि ताटात काय आलं? ज्वारीची ऊनऊन भाकर, मुगाच्या वड्यांची हिंगाच्या फोडणीची भाजी, कढी, तिळाची चटणी. मी इतकं जेवले की सुमनला लाज वाटायला लागली.

"तुह्या गावाकडं काय पिकते व?" काकूंनी वाढता वाढता विचारलं.

"नारळ," मी पटकन म्हटलं.

सुमनला ठसका लागला. मालवणची पोर, आठवड्यातले सहा दिवस मासे खाऊन वाढलेली! पण विचारलं होतं पिकतं काय, आणि नारळ पिकतात की.

खरं म्हणजे जेवणाआधीच आम्ही माळावर जाऊन आलो होतो. तेच तर सांगायचंय! ज्वारी निघाल्यावरचं रान, धसकटं उभी, आणि सगळीकडून ती शीळ. एक वर चढतोय, एक उतरतोय, एक मध्येच टांगलेला. मला चक्कर आल्यासारखं झालं. जमिनीवर बसले. वाटलं, आभाळाला अदृश्य दोऱ्या बांधल्यात आणि कुणीतरी त्या खालीवर ओढतंय.

आम्ही बारीक जाळं उभं केलं. वाट बघता बघता सुमननं विचारलं, "मी वर्गात शिकवते डीएनए, पन हे नातं कसं काढते थे नीट सांग."

"बघ, दोन पदरांचा गोफ आहे. तापवला की पदर सुटतात. आता एका पक्ष्याचा एक पदर घ्यायचा, दुसऱ्या पक्ष्याचा दुसरा, आणि दोन्ही निवत ठेवायचे. ते आपोआप एकमेकांना धरायला बघतात. मग पुन्हा हळूहळू तापवायचं. लांबचे असतील तर लगेच सोडून देतात. जवळचे असतील तर खूप तापवलं तरी धरून राहतात."

"म्हंजे पत्रिका जुळवनंच झालं न व!"

"पत्रिका नाही ग, खरं नातं!"

सुमन जरा वेळ धसकटातून बोट फिरवत राहिली. "आन यंत्राले आडनाव सांगा लागते काय?"

"नाही. त्याला नुसती नळी कळते."

"मंग बरं यंत्र हाये," ती म्हणाली.

तेवढ्यात जाळं हललं. नर! मग आणखी एक, मग मादी. हातात घेतला तर इतका हलका की मुठीत फक्त धडधड आहे असं वाटावं. थर्मास उघडला, आत कोमट पाणी. सकाळी पहिल्या गाडीचा कंडक्टर वाशीमहून बर्फ आणणार होता, सुमनच्या ओळखीचा. मग ठरलं, पाखरं रात्रभर कापडी पिशव्यांत ठेवायची. तशीच पद्धत आहे. मऊ सुती पिशवी, अंधारात ती शांत बसतात. काकू आत निजल्यावर ओसरीवरच्या खुंटीला पिशव्या टांगल्या. सकाळी बर्फ आला की थेंब काढायचा आणि त्यांना माळावर नेऊन सोडायचं. झालंच काम! मी इतकी खुशीत झोपले की स्वप्नातसुद्धा पायऱ्या उतरत होते.

जयंती

मला जाग आली ती काकूंच्या रडण्यानं.

उजाडत होतं. काकू ओसरीवर बसलेल्या, अंघोळ झालेली, मांडीवर माझ्या पिशव्या. रिकाम्या.

"पोरी," त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुले कोनं सांगितलं व? सुमननं?"

मला काही कळेना. "काय सांगितलं?"

"आज महावीर जयंती न. थे असताना दरसाल जयंतीले वाशीमच्या बाजारातून पाखरं सोडवून आनत. असेच कपड्याच्या थैलीत. आन याच खुंटीले टांगत. मी पूजेले उठली का मले दिसावं म्हनून. बोलत नसत काई. मी सोडो. थे गेल्यापासून ही खुंटी रिकामी हाये." त्यांनी पिशवी गालाला लावली. "आज उठली तं थैल्या हालून राह्यल्या. मले वाटलं..."

त्या पिशवीची घडी घालू लागल्या.

मी खुंटीकडं बघितलं. मग अंगणावरच्या आभाळाकडं. माझे डोंबारी तिथून गेले होते, सगळे. आणि ह्या बाईचा चेहरा असा उजळलेला होता की मला तोंड उघडवेना. सुमन दारात उभी, पदर तोंडात कोंबून. हसतेय की रडतेय कळत नव्हतं. मला वाटतं दोन्ही.

नेमकी तेव्हाच बाहेरून हाक आली. "ओ तायडे मॅडम! बरफ! लवकर घ्या, गाडी उभी हाये!"

कंडक्टरच्या हातातून भुशासकट पाणी गळत होतं. मी तो बर्फ घेतला आणि तशीच उभी राहिले. थंडीनं बोटं बधिर झाली तरी. शेवटी तो पालखीच्या लोकांसाठी केलेल्या लिंबाच्या सरबतात गेला. काकूंना बर्फ चालत नाही, त्यांनी त्याला हात लावला नाही, पण लोक म्हणाले यंदा सरबत फार छान झालं.

त्या दिवशी शिरपुरात जाळं लावायचा प्रश्नच नव्हता. पालखी निघाली, बँड, केशरी फेटे, गुलाल. मंदिरात मी काकूंच्या मागोमाग गेले. लोक सांगतात मूर्ती अधांतरी आहे, खालून कापड सरकतं. मी गर्दीत टाचा उंचावून बघितलं, समयांचा उजेड हलत होता आणि मला खरंच ती तरंगल्यासारखी दिसली. दगडाची, आणि तरी टांगलेली. मला माळावरचा तो क्षण आठवला, वर जाऊन थांबलेला पक्षी, पडायच्या आधीचा.

बाहेर आल्यावर काकू भेटेल त्या बाईला सांगत होत्या, "ह्या पोरीनं आनले पाखरं. पुन्याहून आली, तिले समजलं." बायका माझ्या गालांवरून हात फिरवत होत्या. एकीनं ओटीत नारळ घातला. नारळ! मला तिथंच जमिनीत शिरावंसं वाटलं.

घरी जेवायला बसलो. सूर्य बुडायला टेकलेला. माझ्यानं राहवेना. मी बोलून टाकलं. "काकू, मी ती पाखरं सोडवून आणली नव्हती. मीच धरली होती."

काकूंचा वाढता हात थांबला. "काहून?"

"रक्ताचा एक थेंब हवा होता. ते कुणाच्या नात्यातले ते शोधायला."

"रगत?"

"एकच थेंब. मग मी सोडणारच होते."

काकूंनी भाकरीची टोपली खाली ठेवली. उठल्या, विहिरीवर गेल्या आणि तिथं पाठमोऱ्या बसून राहिल्या. सुमननं मला कोपरानं ढोसलं. "तुले कोनं सांगतलं होतं व खरं बोलाले? आता माही बी खोली गेली!"

रात्री आम्ही हळू आवाजात ठरवलं. उद्या गुरुवार. संध्याकाळी वाशीमहून माझी गाडी. सकाळी पहिल्या एसटीनं वाशीम, तिथं बर्फ घ्यायचा आणि सुमनच्या गावी, आसेगावला जायचं. तिच्या वडलांच्या विहिरीवर भर उन्हात पाखरं पाणी प्यायला येतात. मिळाला तर मिळाला. त्याहून जास्त मला त्या पाठीची काळजी लागली होती. एवढ्या वर्षांनी खुंटीवर आलेली पिशवी मीच काढून घेतली होती.

आसेगाव

सकाळी एसटी थांब्यावर कमलकाकू बसलेल्या. हातात पितळी लोटा, त्याच्यात घडी केलेलं गाळणं, काखेत फराळाचं गाठोडं.

"काकू, तुमी कुठं?" सुमननं विचारलं.

"तुमी जाता तिथं." माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "हिचे पाखरं म्या सोडले न? मंग हिचं काम बी म्याच अडवलं. आता ही त्याईले काय करते थे माह्या डोयानं पाह्यतो. वंगाळ वाटलं तं जाळं फाडून टाकीन."

गाडीत त्या खिडकीपाशी, मधे सुमन, कडेला मी. वाशीमला तो रसवंतीवाला पुन्हा भेटला. "काय बाई, भेटलं काय रगत?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं न सांगता बर्फ दुप्पट भरला.

आसेगावच्या रस्त्याला ऊन असं पसरलेलं की लांबची बैलगाडी पाण्यात पोहतेय असं दिसावं. गावाबाहेर तायड्यांचं शेत. गहू निघालेला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या उभ्या, मध्ये विहीर. ती सुमनच्या बाबांनी स्वतः खणलेली. बाबा पुढं आले, उंच, डोक्याला पांढरा रुमाल. "जय भीम," ते म्हणाले.

"जय जिनेंद्र," काकू म्हणाल्या.

सुमनची आई दारात पदर सावरत उभी, हातात पाण्याचा तांब्या. द्यावा की न द्यावा. काकूंनी लोटा पुढं केला. "ताजं काढतो मी. दोर कुठं हाये?"

त्यांनी आपल्या हातानं बादली सोडली, पाणी काढलं, लोट्याच्या तोंडावर कापड धरून गाळलं, आणि तिथंच उभ्या उभ्या प्यायल्या. मग कापड उलटं करून धुतलं आणि बादली हळूहळू खाली सोडली, थेट पाण्यापर्यंत. बाबा टक लावून बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या इहिरीतल्या जिवाईची बी येवढी काळजी?"

"जिवाले काय माईत दादा, इहीर कोनाची हाये?" काकू म्हणाल्या.

सुमनच्या आईनं तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत जाऊन घोंगडी आणून अंथरली. बाबांनी रुमालानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. सुमननं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

बैलांच्या डोणीतून सांडलेल्या पाण्याचं एक थारोळं होतं, त्याच्या काठाला आम्ही जाळं लावलं. आणि लिंबाखाली बसलो. ऊन, लिंबाची बारीक फुलं अंगावर पडतायत, वास कडूगोड. काकूंनी गाठोड्यातले दाणे-गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवले. थर्मासातला बर्फ आत किणकिण वाजत होता, मग हळूहळू वाजेनासा झाला. मी झाकण उघडून बघायचं टाळत होते. आपण जागे आहोत की नाही असंच वाटायला लागलं.

आणि तो आला. ढेकूळ उठून चालायला लागलं असं वाटलं. थारोळ्यापाशी दोन पावलं, चोच बुडवली, उडाला, जाळ्यात.

मी धावले. सोडवून आणला. तळहातात काळं पोट, धडधड.

"थांब," काकू म्हणाल्या. "पह्यले सोताले टोच."

"काय?"

"दुखते का नाई मले पाहू दे. सोताले टोचून घे."

मी पक्षी सुमनकडं दिला आणि नवी सुई स्वतःच्या बोटाला टोचली. रक्त आलं. काकूंनी माझं बोट धरलं, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "डोये नाई मिटले," त्या म्हणाल्या. "बरं. पन याचा जीव लहान. त्याले थेंब बी मोठा."

"पण काकू, नातं सांगणारं जे असतं ना, ते पाखराच्या रक्तात पुष्कळ असतं. आपल्या लाल पेशींत ते नसतंच. त्याच्या थेंबभरात जेवढं असतं तेवढं माझ्या कितीतरी थेंबांत मिळायचं नाही."

"म्हंजे पाखरू आपल्याहून भरलेलं?"

"हो."

काकूंनी मान हलवली, जशी काही ही गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक होती. मग दोन्ही हात पुढं केले. "दे इकडं. मी धरतो."

कसा धरायचा ते दाखवायची गरजच पडली नाही. दरसालची सवय होती त्या हातांना. पाठ तळहातावर, मान दोन बोटांत, पंख हलका उलगडलेला. पंखाखाली केसाएवढी निळी शीर. काकूंचा हात जरासुद्धा हलला नाही. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. मी दुसरी, नवी सुई टेकवली. एक लाल मणी वर आला. काचेच्या बारीक नळीनं तो उचलला, मग कापूस दाबून धरला. थेंब कुपीत, कुपी थर्मासात. आत बर्फाचा सुपारीएवढा खडा उरला होता, पण होता!

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"येवढंच?"

"एवढंच."

त्यांनी कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. मग त्या उन्हात चालत गेल्या, थारोळ्याच्या काठापर्यंत, जिथून तो धरला तिथंच. हात उघडले. डोंबारी जरा वेळ तसाच बसून राहिला, हे हात उघडे आहेत हे त्याला कळत नसल्यासारखा. मग उडाला. पऱ्हाटीवरून, विहिरीवरून, वर. आणि वर जाऊन थांबला. शप्पथ, थांबला. आम्ही सगळे, बाबासुद्धा, माना वर करून उभे. मग तो पायऱ्या उतरायला लागला.

"गाते व," सुमनची आई म्हणाली.

परत वाशीम

गाडीला वेळ होता. सुमननं रसवंतीवरून पुन्हा बर्फ भरून आणला. रसवंतीवाल्यानं "भेटलं?" विचारलं म्हणे, आणि हो म्हटल्यावर सगळ्यांपुरता रस दिला. काकू सोडून सगळे प्यालो, त्या बाहेरचं घेत नाहीत.

फलाटावर काकूंनी कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं. माझ्या पाखरांच्या पिशव्या. धुतलेल्या, इस्तरी केल्यासारख्या घडीच्या.

"पुढच्या जयंतीले येजो," त्या म्हणाल्या. "या भरून आनजो. थेंब पह्यले काढून घेजो, मंग खुंटीले टांगजो. सोडाचं काम माहं."

मी पिशव्या दोन्ही हातांनी घेतल्या. नुसती मान हलवली. गाडी हलली तशा त्या खिडकीबरोबर दोन पावलं आल्या आणि म्हणाल्या, "आन पोरी, समुद्राकडं नारळासंगं अजून काय काय पिकते थे मले माईत हाये. इकडं येयाच्या आधी आठ दिवस खाऊ नको."

सुमन फलाटावर पोट धरून हसत होती. ती लहान होत गेली, मग पळसाच्या फुलाएवढी दिसली, मग नाहीच.

तर कुपी शुक्रवारी पोचली. सरांनी उजेडाला धरून बघितली, म्हणाले, "छान आहे," आणि पेटीत ठेवली. शनिवारी पेटी गेली. माझा डोंबारी आत्ता कुठल्या समुद्रावरून चाललाय देव जाणे. उत्तर यायला वेळ लागेल. तिथं कुणीतरी त्याचे पदर सोडवेल, बाकीच्यांच्या पदरांशेजारी ठेवेल, आणि बघत बसेल तो कुणाला धरून राहतो.

पिशव्या तेवढ्या बॅगेतून काढून मी टेबलाच्या वरच्या खिळ्याला टांगल्यात. रिकाम्याच आहेत. पण पंखा लावला की हलतात, आणि दर वेळी माझी बोटं टाइपरायटरवर थांबतात आणि मी वर बघते.